रफीकभाईंची पोस्टरं आणि आबांचं अक्षर

रफीकभाईंच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. मी भाजी निवडत बसते आणि ते भिंतीतून आपोआप झिरपतात. आमचे हे म्हणतात, "झिरपत न्हाईत, तू कान लावून ओढून घेतीस." असेल बाई.

रफीकभाई जुन्या सिनेमांची फाटकी पोस्टरं दुरुस्त करतात. वीस वर्षं मुंबईत हेच केलं, मग म्हाताऱ्या वडलांसाठी हिंगोलीकडच्या आमच्या ह्या गोरेगावला परत आले. पोस्टर पाण्यात धुवायचं, मागून पातळ कागद आणि कापड लावायचं, वाळवीनं खाल्लेल्या जागी रंग भरायचा.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकते. त्यांच्याकडं आमचंही एक पोस्टर होतं. माझे वडील, आबा, तंबू टॉकीजची पोस्टरं गावोगाव चिकटवायचे आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर गावाचं नाव, खेळाची वेळ हातानं लिहायचे. आबा जाऊन जमाना झाला. फोटो आहे, पण त्यांच्या हातचं अक्षर त्या एका पट्टीवरच उरलेलं. आईनं ते पोस्टर पेटीच्या तळाला चिकटवलं होतं. पेटी गंजली तेव्हा तुकड्यातुकड्यांनी निघालं. आई म्हणाली, "डोळे हाईत तोवर एकदा नीट दाखव मला." म्हणून माझ्या चकरा.

* * *

पोस्टरं हिंगोलीहून जीपनं येतात, लांब नळीत गुंडाळून. एकदा जीपवाल्यानं नळी हलवून विचारलं, "भाई, काय हाय हो यात?"

"व्हिलन हाय."

"मग त्याचं तिकीट पडंल. आन् पुढं बसवणार न्हाई, सांगून ठेवतो."

* * *

पोस्टर चिकटवायला बाजारातला गोंद चालत नाही. गव्हाची खळ लागते, ती पण सत्त्वाची. रफीकभाई त्या सत्त्वाची पावडर बाहेरून मागवायचे. मी म्हटलं, "काहून? आमी कुरडयांसाठी चीक काढतो, तो काय वेगळा असतो?"

तीन दिवस गहू भिजवले, वाटले, गाळले, चीक शिजवून पातेलंभर पोचता केला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, जरा येता का?"

गेले. रद्दीतल्या एका हिरोच्या तुकड्यावर त्यांनी आधी लावून बघितला होता.

"चिकटला बराबर," रफीकभाई म्हणाले. "पण ह्याच्या गालावर जिरं आलंय."

हाताला सवय. मीठ-जिरं घातल्याशिवाय चीक चुलीवरून उतरतच नाही आमच्याकडं. तेव्हापासून मी चीक शिजवते आणि रफीकभाईंची बायको शमीमभाभी शेजारी उभी राहून माझ्या हातावर लक्ष ठेवते.

* * *

एका नटीचं नाक वाळवीनं खाल्लं होतं. रफीकभाई आठ दिवस भिंग लावून बारीक ब्रशनं तेवढं नाकच करत बसले. मी म्हटलं, "आता ओठ पण जरा लाल करा की. आजारी दिसून राहिली बाई."

"ताई, मेकअप न्हाई करायचा. जखम तेवढी भरायची."

शमीमभाभी आतून म्हणाली, "बायकोचं नाक कसं हाय ते डोळे मिटून सांगा म्हणावं."

रफीकभाईंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले. "कापलेलं न्हाई," म्हणाले, "एवढं पक्कं."

* * *

मग आमच्या पोस्टरची पाळी आली. रफीकभाईंनी ओल्या कापसाचं टोक आबांच्या अक्षराला नुसतं टेकवलं. कापूस निळा झाला.

"छापील रंग पाण्यात टिकंल, ताई. पण अम्मांना बघायचंय ते अक्षर वाहून जाईल."

दुसरा कुणी असता तर धुऊन मोकळा झाला असता. वर नटनट्या साबूत, खालची पट्टी कोण बघतं? ह्या माणसानं वरचा भाग तेवढा धुतला. पट्टीला पाणी लावलंच नाही. पोस्टर पालथं घालून तिच्या पाठीवरची जुनी खळ सुरीच्या टोकानं कोरडीच खरवडत बसला. रोज बोटभर. दोन महिने भिंतीपलीकडून ती खरखर ऐकू यायची. ती थांबली की मी भाजी टाकून भिंतीला कान लावायची.

एकदा मी म्हटलं, "भाई, लई तकलीफ दिली तुमाला."

"हातानं लिहिणाऱ्याला पण झालीच असंल की."

मी उगाच त्यांच्या दारातलं अंगण झाडून आले.

* * *

परवा दुपारी आईला घेऊन गेले. मेजावर पोस्टर सरळ उभं करून ठेवलेलं. निळी अक्षरं जशीच्या तशी. आईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचलं: "गोरेगाव. आज शेवटचा खेळ. बायांची बसायची सोय वेगळी."

"हात लावू का?"

"लावा अम्मा, तुमचंच हाय."

आईनं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "सगळ्या गावाला बलावत फिरला. मला एकदा चल म्हणला न्हाई."

आणि उठून चालती झाली. रफीकभाईंचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का, ताई?" शमीमभाभी दारापर्यंत जाऊन बघून आली.

अर्ध्या तासानं आई परत आली. लग्नाकार्यात नेसायचं हिरवं लुगडं, केस विंचरलेले, कपाळाला ठसठशीत गोंदणाच्या वर बुक्का. खुर्ची ओढून पोस्टरसमोर नीट बसली, पदर सारखा केला, आणि शमीमभाभीला म्हणाली,

"बाई, आता लाईट बंद कर."