यंत्र काही बोललं नाही

मंडळी, स्पीड कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं यंत्र घ्यावं का, असं परवा कुणीतरी इथे विचारलं होतं. आज ते नातवाच्या गाडीत पाहिलं.

आमच्या उत्तरेकडच्या शहरात तेलीबागहून महानगर या वस्तीकडे निघालो होतो. मी खिडकीबाहेर बघत चौथीतली कविता मनाशी म्हणत होतो. यंत्र वाजलं की चिन्मय वेग कमी करायचा, कॅमेरा मागे पडला की गाडी पुन्हा सुसाट.

"हळू रे बाळा."

"आजोबा, टेन्शन मत लो. कैमरा होगा तो ये बोलेगा ना."

तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेला सायकलवाला आडवा आला. चिन्मयने करकचून ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

चिन्मय पांढराफटक पडला होता. म्हणाला, "आजोबा, इसने तो बताया ही नहीं."

घरी येऊन ती कविता म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यापाशी ब्रेकच ऐकू येतो.

उद्या पहाटे तो आईला घेऊन एक्सप्रेसवेने दिल्लीला निघणार आहे. यंत्र काढून ठेव म्हटलं, तर ऐकेल का हो तो?