तांदळात लिहिलेलं नाव

वकील न लावता घटस्फोट घ्यायचा, हे माझंच डोकं. कुटुंब न्यायालयात दोघंही राजी असतील तर स्वतःच अर्ज करून स्वतःच उभं राहता येतं, हे मी चौकशी करून पक्कं केलं होतं. दौलतगंजला माहेरी सांगितलं तर बाबा उखडले. "लग्न काय भटजीशिवाय लावलं होतं का?" म्हणाले. मी म्हटलं, "भटजी होते ना बाबा, मग टिकलं का?" त्यावर ते पेपरात तोंड घालून बसले.

आमचं तसं भांडण नव्हतंच. मूल नाही, वाटण्या नाहीत, दारू नाही, मारहाण नाही. पटत नव्हतं, बस. वर्षाच्या वर मी सिटी सेंटर भागात भाड्याच्या खोलीत आणि नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपू मोहल्ल्यात, त्याच्या आईजवळ, असे वेगळे राहत होतो. अर्ज मात्र एका टेबलाशी बसून केला, माझ्या ऑफिसखालच्या चहाच्या दुकानात. आमचं कोर्ट हिंदी मुलखातलं, म्हणून तो हिंदीतून सांगे, मी लॅपटॉपवर टाइप करी, आणि मधेच दोघंही खो खो हसायचो. अहो, संसारात इतकं गोडीनं बोललो असतो तर! दुकानवाला आम्हाला नवं जोडपं समजला होता.

पहिली तारीख सुरळीत पार पडली. मग सहा महिने थांबायचं, दुसऱ्या तारखेला जजपुढे पुन्हा 'हो' म्हणायचं, की मोकळे. त्या सकाळी मी नवा कोरा पिवळा कुर्ता घातला होता. आनंद होता आणि भीतीही, कारण त्याच आठवड्यात तो नोकरीसाठी परदेशी निघणार होता. आज झालं तर झालं. नाही तर तो परत येईपर्यंत मी ना धड इकडची, ना धड तिकडची. आणि तो कधी परत येईल, ते त्यालाही माहीत नव्हतं.

कोर्टातल्या बाबूनं माझं आधार कार्ड बघितलं, अर्ज बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "मैडम, ये तो कोई और हैं."

झालं! अर्जात माझं सासरचं नाव होतं. आमच्या मराठी घरांत लग्नाच्या दिवशी नवरीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. सासरी सगळे मला त्याच नावानं हाका मारायचे. पण मार्कशीट, बँक, आधार, इतकंच काय लग्नपत्रिकासुद्धा, सगळीकडे मी माहेरच्याच नावाची. आणि आम्ही दोघा शहाण्यांनी अर्जात सवयीनं सासरचं नाव ठोकून दिलं होतं. पहिल्या तारखेला कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

जज मॅडमनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "तलाक किसका करूँ? इनका या उनका?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. माझं डोकंच सटकलं. मी हातवारे करकरून तांदूळ, ताट, अंगठी, सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चावल में? अच्छा! और ये नाम रखा किसने?"

"सास ने."

"तो उन्हीं को लाइए." दोन्ही नावं एकाच बाईची, असं त्यांनी येऊन सांगायचं आणि आम्ही तसं शपथपत्र द्यायचं. लंचनंतर. नाही तर पुढची तारीख.

सासूबाई! मी घर सोडलं तेव्हापासून त्या माझ्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. तो बाहेर येऊन म्हणाला, "आई नाही येणार गं. उगाच भडकेल."

"भडकू दे. तू स्कूटर काढ!"

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी चपला काढता काढताच एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे तुम्हाला वेगळं करायला मीच येऊ?"

"हो आई, तुम्हीच. नाव तुम्हीच ठेवलंत ना!"

हातातली जुडी त्यांनी खुडून संपवली. मग उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "ई-रिक्षा बोलाव. मी नाही बसायची त्या स्कूटरवर." रिक्षात मला हसू आवरेना. घटस्फोटाला निघालो होतो आणि सासूबाईंच्या मांडीवर माझीच पर्स!

मॅडमनी विचारलं, "माताजी, ये दोनों नाम इसी के हैं?"

"जी. एक मायके का, एक मैंने दिया."

"यही नाम क्यों दिया?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मेरा था. शादी से पहले का."

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. त्याला माहीतच नव्हतं! त्याच्या मामाकडे, म्हणजे त्यांच्या माहेरी, सगळे त्यांना ताई म्हणत, बाकी सगळीकडे त्यांचं तांदळातलं नाव. इतकी वर्षं त्या घरभर मला स्वतःच्या नावानं हाका मारत होत्या, आणि मी मनातून चरफडत ओ देत होते. मला एकदम रडूच आलं. मॅडमना वाटलं, माझा विचार बदलला. "नहीं नहीं मैडम," मी ओरडलेच, "हाँ है, मेरी हाँ है!"

आणि झालं. खरंच झालं! बाहेर व्हरांड्यात मी चक्क उडी मारली. तो म्हणाला, "अगं, कोर्ट आहे हे." मी आणखी एक मारली.

सासूबाईंना कंपूला सोडायला मीच गेले. रिक्षातून उतरल्या, "येते" म्हणाल्या आणि वळूनही न बघता फाटकाकडे चालायला लागल्या. तेव्हा मी मागून त्यांना त्यांच्या लग्नाआधीच्या नावानं हाक मारली. ताई नाही, आई नाही, नुसतं नाव.

"ओ!" त्या पटकन म्हणाल्या, आणि मग वळल्या.