खालच्या पोकळीत कोण उतरणार

तुळजापुरात उतारावर घर बांधलं की पुढचं दार रस्त्याला टेकतं आणि मागच्या खोल्या अधांतरी राहतात. आमचं घर बांधताना मागच्या दोन खोल्यांखाली मुरूम भरायचं ठरलं होतं. मुरमाचे ट्रॅक्टर दुसऱ्याच कुणाच्या घराकडं वळल्यावर ठेकेदार मला म्हणाला, "सर, भराव खचतो. त्यापेक्षा खांबांवर स्लॅब टाकू. एकदम शास्त्रीय." मी शाळेत विज्ञान शिकवायचो. शास्त्रीय म्हटलं की मी मान डोलवायचो. त्यानं स्लॅब टाकला आणि खाली एक पोकळी राहिली. मागच्या टोकाला कमरेइतकी उंच, पुढं येईल तशी गुडघ्याइतकी. मागच्या बाजूला एक लोखंडी झडप, भिंतीत हवेसाठी चार जाळ्या. घरात आम्ही तिला 'खालचं' म्हणायचो. वीस वर्षांत तिथं मांजरी सोडून कुणी गेलं नाही.

मी निवृत्त झालो त्या पावसाळ्यात शेजारच्यांनी आमच्या एका जाळीतून साप आत जाताना पाहिला. निदान ते तसं म्हणाले. मला नुकताच वेळच वेळ झाला होता. मी अर्धं पोतं सिमेंट आणि विटा आणल्या आणि दोन दिवस खपून चारही जाळ्या स्वतःच्या हातानं बुजवल्या. वर गिलावाही केला. साप आत होता की बाहेर, याचा विचार मी केला नव्हता. तो बायकोनं केला. "आत असला तर त्यालाच कोंडलंत की," ती म्हणाली. बायकांना प्रत्येक कामात खोट दिसते, असं तेव्हा माझं मत होतं.

दिवाळीच्या सुमारास मागच्या खोलीतल्या कपाटाला वास यायला लागला. ओल्या गोणपाटासारखा. मी डांबराच्या गोळ्या टाकल्या. आता डांबराच्या गोळ्या खाल्लेल्या ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. मग त्या खोलीचं दार फुगलं, ते सुताराकडून रंधून घेतलं. गव्हाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ गंजला, तो बदलला. चौकटीवर वाळवीनं मातीची बारीक नळी काढली, तिच्यावर रॉकेल ओतलं. भिंतीचा रंग जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत फुगून पापुद्रे सुटले. फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पायाला गार लागायचं आणि कोपऱ्यातल्या तीन फरशा चालताना पोकळ वाजायच्या.

या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असं मला वाटलं नाही. दाराचं दुखणं दाराचं, डब्याचं डब्याचं. तीस वर्षं मी मुलांना निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष शिकवले.

पहिला आला तो रंगारी. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, बोटं हुंगली आणि म्हणाला, "पुट्टी खराब लागली. ओल मारणारा रंग येतो आता. डोळे झाकून दहा वर्षं." डोळे झाकायची अट खरी निघाली. उघडे ठेवले तर तीन महिन्यांत नव्या रंगाला जुन्याहून मोठे फुगे आलेले दिसत होते. रंगाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या भिंतीतच दोष आहे, रंग तर एक नंबर आहे."

दुसरा सोलापूरहून आला, कुठल्याशा कंपनीचा माणूस. गळ्यात टाय, हातात टॅबलेट आणि पिस्तुलासारखं एक यंत्र. ते भिंतीला लावलं की किंचाळायचं आणि लाल दिवा लागायचा. खोलीभर फिरून त्यानं चेहरा इतका गंभीर केला की बायकोनं त्याला पाणी आणून दिलं.

"सर, लेव्हल क्रिटिकल आहे," तो म्हणाला. "पूर्ण घराला इंजेक्शन ट्रीटमेंट करावी लागेल. वॉरंटी कार्ड देतो."

"ओल येते कुठून पण?" बायकोनं विचारलं.

"मॅडम, ओल ही ओलच असते."

तेवढ्यात माझी उत्सुकता जागी झाली. मी म्हणालो, "जरा दाखवा," आणि ते यंत्र माझ्या दंडाला लावलं. ते तितकंच किंचाळलं. माझी लेव्हलही क्रिटिकल होती. त्यानं यंत्र हळूच माझ्या हातातून काढून घेतलं आणि टॅबलेटवर माझ्या घराचा अहवाल काढला. त्यात ज्या घराचा फोटो होता त्याला तीन मजले होते.

"मागं एक झडप आहे. तुम्ही खाली बघणार का?" बायकोनं विचारलं.

"आमची टेक्नॉलॉजी वरूनच सगळं बघते," तो म्हणाला आणि गेला. पुढं कितीतरी दिवस त्याचा रोज सकाळी शुभेच्छांचा फोटो यायचा. फुलं, सूर्य आणि खाली वॉरंटीची आठवण.

तिसरा माझाच विद्यार्थी, आता इंजिनिअर झालेला. तो माझ्या पाया पडला, चहा घेतला आणि मी सांगितल्यावर मागच्या झडपेपाशी आला. बुटांकडं बघितलं. मग दारातच उकिडवा बसला, मोबाईल धरलेला हात आत घातला आणि तीन फोटो काढले. मान आत घातली नाही. फोटो बोटांनी मोठे करून बघितले आणि उभा राहिला.

"सर, स्पष्ट बोलू का?"

"बोल की."

"स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात. मागचा भाग धोकादायक आहे. पाडून नव्यानं बांधा. मी नकाशा काढून देतो."

मी त्या रात्री जेवलो नाही. वर्गात हा मुलगा प्रयोगवहीत प्रयोग न करताच निष्कर्ष लिहायचा आणि अक्षर सुंदर असल्यामुळं मी त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचो, हे मला अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी बायको भाजी निवडताना म्हणाली, "इतके जण येऊन गेले. खाली कोण उतरलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"मग त्यांना काय कळणार?"

"तू आण तुझा तज्ज्ञ," मी चिडून म्हणालो.

तिनं खरंच आणला. आणि त्याला शोधण्याची तिची पद्धत मी आजही चारचौघांत माझी म्हणून सांगतो. मी लोकांना विचारायचो, चांगला माणूस कोण आहे? त्यावर प्रत्येक जण आपला भाचा, नाहीतर गाववाला सुचवायचा. तिनं गल्लीतल्या बायकांना विचारलं, कुणाच्या घरातली ओल गेली आणि तीन पावसाळे परत आली नाही? अशी दोनच घरं निघाली. एक आमच्या मागच्या आळीतल्या शिक्षिकेचं, दुसरं देवळाकडच्या एका कुटुंबाचं. दोन्हीकडं एकच माणूस येऊन गेला होता. तामलवाडीचा, पंचावन्न-साठीचा प्लंबर. गवंडीकामही करणारा. बायको त्या दोन्ही घरी जाऊन भिंतींना हात लावून आली. मग फोन केला. शेतात असल्यामुळं त्यानं तो संध्याकाळी उचलला.

"ज्वारी निघाली की येतो, आठेक दिसांत," तो म्हणाला. "तवर काय बी करू नका. रंग तर अजिबात लावू नका."

तज्ज्ञ आठ दिवस येत नाही म्हणतो, याचा मला राग आला. सोलापूरवाला दोन तासांत आला होता.

तो आला तेव्हा बरोबर एक पिशवी, एक विजेरी आणि जुनी लुंगी. खोली बघायच्या आधी त्यानं ओट्यावर बसून विचारलं, "वास कधीपास्नं हाय?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की वातावरणातली आर्द्रता..."

"दिवाळीपासून," बायको म्हणाली. "यांनी जाळ्या बुजवल्या त्याला दोन-अडीच महिने झाले होते."

"आन् न्हाणीचं काम कधी केलंय?"

"तीन वर्षं झाली. नवीन फरशी बसवली."

त्यानं मान हलवली. पुढची दहा मिनिटं तो तिच्याशीच बोलला. कुठली फरशी आधी वाजायला लागली, पावसाचं पाणी डोंगराकडून कुठल्या बाजूनं उतरतं, अंघोळीनंतर वास वाढतो का. तिच्याकडं सगळी उत्तरं होती. इतके दिवस ती कुणी मागितली नव्हती. मीही.

मग तो लुंगी गुंडाळून झडपेतून आत सरकला. थोड्या वेळानं आतून आवाज आला. "सर, तुमी बी या. नजरंनं बघितल्याबिगर पटायचं न्हाय."

नाही म्हणायला कारण सापडेना. बनियन आणि जुन्या पॅन्टवर मी आत गेलो, आधी गुडघ्यांवर, मग पोटावर. आत हवा म्हणून काही नव्हतीच. ओली वाफ भरलेल्या डब्यात शिरल्यासारखं वाटलं. कोळिष्टकं तोंडाला चिकटत होती. स्लॅबच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी कापसासारखी धरली होती.

त्यानं विजेरी वर धरली. "ताई, न्हाणीत दोन बादल्या वता," त्यानं ओरडून सांगितलं. वर पाणी पडल्याचा आवाज झाला आणि आमच्या डोक्यावर, न्हाणीतलं पाणी खाली नेणाऱ्या ट्रॅपच्या कडेनं, थेंब जमायला लागले. एक पडला, मग दुसरा, मग धार. ती बरोबर एका ढिगावर पडत होती. तो ढीग म्हणजे ठेकेदारानं बांधकामानंतर न काढलेल्या सेंटरिंगच्या फळ्या. वाळवी त्यांच्यात इतकी सुखात होती की तिला आमच्या चौकटीपर्यंत यायची खरं तर गरज नव्हती.

"तीन वर्षं गळतंय हे," तो म्हणाला. "पर जाळ्यांतनं वारं फिरत हुतं तवर वाळत हुतं. कळत नव्हतं. वारं बंद झालं आन् ओल वर चढली." त्यानं विजेरी भिंतीवर फिरवली आणि माझ्या विटांवर थांबवली. "ह्या कुणी बुजवल्या?"

बायकोनं ते मघाशीच सांगितलं होतं. तरी तो विचारत होता.

"मीच," मी म्हणालो.

"वाटलंच. गवंडी इतकं मन लावून काम करत न्हाय."

बाष्पीभवनाला वारा लागतो, हे मी दरवर्षी इयत्ता सातवीला दोन वाट्या आणि एका पंख्यानं करून दाखवायचो. टाळ्या पडायच्या. स्वतःच्या घराखाली पोटावर पडून तोच धडा मला एका चौथी शिकलेल्या माणसानं लुंगीवर शिकवला. त्यानं शाळा सोडली होती हे त्यानंच नंतर जेवताना सांगितलं.

काम सहा दिवस चाललं. ट्रॅप बदलला, फळ्या ओढून बाहेर काढून जाळल्या. चारही जाळ्या मोकळ्या केल्या आणि साप शिरू नये म्हणून त्यांना बारीक तारेची जाळी मारली. एवढी साधी गोष्ट होती. डोंगराकडच्या अंगाला हातभर खोल चर खणून पावसाचं पाणी घराला वळसा घालून जाईल असं केलं. माझ्या विटा फोडताना त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तसं त्यानं दोनदा बोलून दाखवलं.

सळयांचं काम मात्र त्यानं हातात घेतलं नाही. "दोन जाग्याला गंजल्यात. ते माझं काम न्हवं, इंजिनिअर लागतो," तो म्हणाला. "फकस्त आत उतरणारा बघा." आणि जाताना, "दोन महिने सुकू द्या. मधी हात लावू नका."

हे दोन महिने मला फार जड गेले. पापुद्रे सुटलेली भिंत तशीच ठेवून बसणं हा कामाचाच भाग आहे, हे मला पटत नव्हतं. दोनदा मी खरवडायला पत्री घेतली, दोनदा बायकोनं ती काढून घेतली. पण ऐन उन्हाळ्यात एक दिवस मी कपाट उघडलं आणि आत नुसता कपड्यांचा वास होता. दार आपोआप सैल झालं. सुतारानं रंधलेलं असल्यामुळं आता ते जरा जास्तच सैल होतं आणि वाऱ्यानं वाजायचं.

मग बायकोनं माझ्या विद्यार्थ्याला फोन लावला. "आत जाणार असशील तर ये," ती म्हणाली. "नसलास तर चहाला कधीही ये." तो आला, आणि सांगायला हवं, जुने कपडे घालून आला. अर्धा तास आत होता. बाहेर आला तेव्हा केसांत कोळिष्टकं होती आणि आवाज बदललेला होता.

"सर, पाडायची गरज नाही. दोनच ठिकाणी सळया साफ करून नवीन भर द्यावी लागेल."

"मग तेव्हा काय बघितलंस?"

"फोटो," तो म्हणाला. त्यानं ते काम स्वतः उभं राहून नीट करून घेतलं. शिक्षक म्हणून मला थोडा अभिमान वाटला, पण तो बोलून दाखवण्याइतका नव्हता.

पुढचा पावसाळा चांगला झाला. चरातून पाणी वळून गेलं, भिंत कोरडी राहिली. आता दर महिन्याला एकदा, सकाळी ऊन आत येतं तेव्हा, मी विजेरी घेऊन खाली उतरतो. गुडघे कुरकुरतात. परवा आत होतो तेव्हा बाहेर झडपेपाशी बायकोचा आणि शेजारणीचा आवाज आला.

"सर कुठं आहेत?" शेजारीण विचारत होती.

"खाली," बायको म्हणाली. "तपासणी चालू आहे. तुमच्याकडं काही बघायचं असलं तर पाठवते."

"काय घेतात?"

"काही नाही," ती म्हणाली, "फक्त यांच्या हातात सिमेंट देऊ नका."