मृगाच्या पाचव्या दिवशीचे गुलाबी दाणे

अन्याय झाला माझ्या आईवर आणि तिच्या सात कोंबड्यांवर. मृग लागून पाचव्या दिवशी, सकाळी साडेनऊला. गाव आमचंच, दर्यापूरच्या रस्त्यावरचं.

शेजारच्या काकांच्या आवारात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा होता. आमच्या कोंबड्यांनी तो दोनदा उकरला होता, हे मी लपवत नाही. आईनं दोन्ही वेळा माफी मागितली. तिसऱ्या वेळी काकांनी शिव्या दिल्या नाहीत. पेरून उरलेली, किडीचं विषारी औषध लावलेली गुलाबी ज्वारी त्यांनी कुंपणालगत शिंपडली आणि आत जाऊन चहा घेतला.

दुपारपर्यंत कोंबडा आणि चार कोंबड्या अंगणात पाय झाडून मेल्या. आईनं खुराड्यातल्या टोपल्याकडं बोट केलं. तिथं आमची खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती, एकोणिसावा दिवस होता. बसलेली वाचली, एवढंच आई म्हणाली. दोन दिवसांत पिल्लं निघणार होती. कळप त्यातूनच पुन्हा उभा राहणार होता.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, घाईनं चार दाणे टिपते, परत येते. ती सकाळीच उठून कुंपणापाशी जाऊन आली होती. आम्हांला माहीत नव्हतं. खुडूक कोंबडी हलत नाही, म्हणून कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी आईनं तिच्या पोटाखाली हात घातला. अंडी गार होती. कोंबडी पंख पसरून, अंडी झाकूनच मेली होती.

दोन अंड्यांतून अजून चिवचिव येत होती.

सातवी कोंबडी जिवंत होती, कारण ती बांधलेली होती. तीही खुडूक झाली होती. खुडूक कोंबडी अंडी देत नाही आणि आम्हांला अंडी हवी होती, म्हणून तीन दिवसांपूर्वी मी तिचंच पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घातलं, गार पाण्यात बुडवली, पाय बांधून ठेवली. सगळे असंच करतात. खुडूकपणा उतरतो. चांगलाच उतरला होता. आईनं तिला अंड्यांवर ठेवलं, तर ती चोच मारून एक फोडून उठली. आईनं उरलेली लुगड्यात गुंडाळून छातीशी धरली. सकाळी चिवचिव थांबली.

"तू तिची खुडूक मोडली नसती, त त्याच्या दान्याले मी पुरून उरली असती," आई मला म्हणाली.

मी काकांच्या दारात गेले. विचारलं, काहून टाकले दाने?

"माह्या आवारात टाकले. तुह्या कोंबड्याईले मी आवतन देल्लं होतं काय?"

त्या सकाळी समोरच्या ओट्यावर तिघीजणी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी काकांना दाणे शिंपडताना पाहिलं होतं. आईच्या कानात तसं सांगितलंही. पोलीस पाटील चौकशीला आले तेव्हा तिघीही म्हणाल्या, आमी घरात होतो.

पिसाचं पाप माझं, ते मी इथं लिहून दिलं. आता तुम्ही. तुमच्याही गल्लीत कोणी असे दाणे टाकताना तुम्ही ओट्यावरून पाहिलं असेल. कानात सांगू नका. आज उठा, पोलीस पाटलाच्या दारात जा, त्याचं नाव लिहून द्या आणि त्याखाली तुमची सही करा.