अडवलेल्या पानांची यादी

मला दुसऱ्यांचे ब्राउझर नीट करून द्यायची खोड आहे. कुणाच्या घरी कॉम्प्युटर चालू दिसला की माझे हात शिवशिवतात. नको असलेल्या पट्ट्या काढायच्या, जाहिराती अडवायच्या, अक्षरं मोठी करायची, रोज लागणारी पानं वरच्या ओळीत लावून द्यायची. ऑफिसात या कामापायी मला फुकटचा चहा मिळतो. घरी मात्र बाबा चिडवायचे, "आल्या सुधारक बाई. आता माझं काहीच जागेवर सापडणार नाही."

बाबा कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले, तेव्हा टाउनशिपचं क्वार्टर सोडून आम्ही भोपाळमध्येच अयोध्या नगरात घर घेतलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचा कॉम्प्युटर. त्यांनीही ब्राउझर आपल्या मनासारखा करून घेतला होता. पांढऱ्याने डोळे दुखतात म्हणून पार्श्वभूमी पिवळसर, अक्षरं दीडपट. वरच्या ओळीत साताऱ्याकडच्या बातम्या, भोपाळचं हवामान, सुडोकू आणि पेन्शन. काही शोधायचं झालं तर ते इंग्रजीत लिहायचे, तेही सगळं कॅपिटल अक्षरांत, जसं ते कारखान्यातल्या अहवालांवर लिहीत. मी कितीदा सांगितलं की लहान अक्षरांनीही सापडतं. ते म्हणायचे, "सापडत असेल. पण वाचणाऱ्याला त्रास नको."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचं पोट दुखायला लागलं आणि वजन उतरू लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "पेट का कैंसर है, फैल चुका है," ते म्हणाले. "इस उम्र में अब सिर्फ़ तकलीफ़ कम कर सकते हैं. और देखिए, इनको मत बताइए. आदमी की हिम्मत टूट जाती है." मी मान डोलावली. मला तेव्हा तो सल्ला अगदी बरोबर वाटला, हे इथे लिहून ठेवते. आमच्याकडे असंच करतात. आत्याच्या वेळी केलं, शेजारच्या काकांच्या वेळीही केलं. बाबांना सांगितलं, जुना अल्सर आहे. आईलाही तेच सांगितलं, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आम्ही तिला जन्मभर चिडवत आलो होतो.

रिपोर्टची फाइल मी ऑफिसच्या कपाटात ठेवली. राहिला कॉम्प्युटर. बाबा गोळ्यांची नावं शोधणार, लक्षणं शोधणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून एका रविवारी ते अंघोळीला गेले असताना मी त्यांच्या ब्राउझरला एक गाळणी बसवली. आपण ठरवून दिलेला शब्द शोधात किंवा पानाच्या शीर्षकात आला की ती पान उघडू देत नाही. कॅन्सर, कर्करोग, ट्यूमर, केमो हे सगळे शब्द मी तिन्ही भाषांत घातले, शिवाय दोन गोळ्यांची नावं. अडवल्यावर काय दिसावं हेही तिथे ठरवता येतं. लाल पाटी आली असती तर बाबांना लगेच संशय आला असता. मी पिवळसर रंग घेतला, अक्षरं त्यांच्याच मापाची ठेवली आणि लिहिलं, "हे पान सध्या उपलब्ध नाही." मग गाळणीचं चिन्ह लपवून टाकलं. काम इतकं सफाईदार झालं होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. तेही लिहून ठेवते.

बाबा अडीच महिन्यांत गेले. शांतपणे गेले, असं भेटायला आलेले सगळे म्हणाले. माहीत नव्हतं म्हणून शांतपणे गेले, असं मी मनातल्या मनात जोडायचे. पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका वाक्याच्या आधारावर काढले.

आईच्या फॅमिली पेन्शनचा फॉर्म भरायला मी जानेवारीत त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. आता गाळणीचं काम नाही, काढून टाकावी, म्हणून तिच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे अडवलेल्या पानांची यादी असते. तारीख, वेळ आणि काय शोधलं ते. मी ती कधीच उघडून पाहिली नव्हती.

यादीत जुन्या नोंदी खाली असतात. सगळ्यात खालची नोंद गाळणी बसवल्याच्या तिसऱ्या दिवसाची होती. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, स्टमक कॅन्सर. मग ट्यूमर. मग एका गोळीचं नाव. ब्राउझरची हिस्टरी काढली, तर त्याच दुपारी बाबांनी अल्सर शोधला होता, पित्ताचे खडे शोधले होते, कावीळ शोधली होती, आणि ती सगळी पानं उघडली होती. ज्या माणसाने आयुष्यभर दोष हुडकायचं काम केलं, त्याला बाकी सगळं उघडतं आणि हेच तेवढं उघडत नाही याचा अर्थ लावायला किती वेळ लागणार? मी त्यांच्यापासून काहीच लपवलं नव्हतं. मी त्यांना सांगितलंच होतं, फक्त अत्यंत भेकडपणे सांगितलं होतं. मला स्वतःची किळस आली.

मग मी यादी वर सरकवली. बाबा गेल्यानंतरच्या तारखा होत्या. तेराव्यानंतर चार दिवसांनी एक नोंद, पुढच्या आठवड्यात दोन, शेवटची परवाची. सगळ्या दुपारी तीन ते साडेतीनच्या मधल्या. आणि शब्द बाबांचे, त्यांच्याच कॅपिटल अक्षरांत. स्टमक कॅन्सर, लास्ट मंथ्स.

भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई आहे मी. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं, ते बरोबर होतं. जुनी पानं आपोआप उघडतात का ते पाहिलं, ती सोय बंद होती. आई कॉम्प्युटरला धूळ पुसण्यापुरताच हात लावते, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की तिचा विचार माझ्या मनात आलाच नाही. तीनच्या सुमाराला दुपारची झोप काढून बाबा तिथे येऊन बसायचे, हे मात्र सारखं आठवत राहिलं. गाळणी काढायला माझा हात धजेना. ती काढली तर ते कुठे अडतील, असलं काहीतरी वेडगळ माझ्या डोक्यात आलं होतं. पुढचे पाच-सहा दिवस ऑफिसात तीन वाजले की माझं कामात लक्ष लागेना. घरी आल्यावर यादी बघायची आणि त्यात काही नवीन नसलं तरी भीती वाटायची, असलं तरी वाटायची.

शेवटी गुरुवारी रजा टाकली. आईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत पडून राहिले. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मग पुढच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कीबोर्डची एक कळ वाजली. नंतर काहीच नाही. मला खरंच उठवेना. मी अंगावरची शाल घट्ट धरून तशीच पडून राहिले आणि मग स्वतःवरच चिडून उठले.

आई होती. ती बाबांच्या खुर्चीवर बसत नाही, त्यामुळे उभ्यानेच वाकली होती. तिने फक्त 'एस' दाबला होता. ब्राउझरने खाली बाबांचे जुने शोध दाखवले आणि त्यातली हवी ती ओळ तिने बोटाने पडद्यावर धरून ठेवली, दुसऱ्या हाताने माउस तिथपर्यंत नेला आणि दाबला. माझं पिवळसर पान आलं.

"आई, काय करतेस?"

ती दचकली नाही. "अगं, हे काही खुलतच नाही," ती म्हणाली. आई उज्जैनची, तिचं अर्धं मराठी असंच. "त्यांना मला दाखवायचं होतं हे. दसऱ्याच्या आधी एकदा बोलावलं, म्हणाले, बस इथे, तुला एक वाचून दाखवायचंय. दोन-तीनदा दाबलं त्यांनी. दर वेळी हेच आलं. मग म्हणाले, राहू दे, नंतर बघू. आणि नंतर काही बोललेच नाहीत. मला वाटलं, कधीतरी खुलेल. नेट कधी ठीक असतं, कधी नसतं."

यादीत ती नोंद मी पाहिली होती, एकाच मिनिटात तीनदा. जे त्यांना तोंडाने सांगवत नव्हतं, ते त्यांनी त्या पानाकडून आईला सांगायचं ठरवलं होतं.

"तुला कळतंय का यात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कॅन्सर एवढं वाचता येतं मला," आई म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, अल्सरची गोष्ट खोटी होती ते, आणि नेट बिघडलेलं नव्हतं, पान मीच बंद केलं होतं, तेही. ती रागावेल म्हणून वाट पाहिली. ती म्हणाली, "मग खोल ना."

गाळणी काढायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पान उघडलं, बाबांच्या दीडपट अक्षरांत. आई म्हणाली, मराठीत सांग. मी स्टूल ओढून घेतलं आणि एकेक ओळ सांगू लागले. थकवा येतो. झोप वाढते. भूक मरते, पोट लगेच भरल्यासारखं वाटतं. दोन घासांनंतर जेवण नकोसं होतं, बळेच खाल्लं तर दुखतं.

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दोन घासांनंतर?"

"हो."

"मी उठू द्यायचे नाही गं त्यांना," आई म्हणाली. "अल्सरवाल्याने पोट रिकामं ठेवू नये, म्हणून मी समोर बसायचे. ओरडायचे सुद्धा. ताट साफ झाल्याशिवाय उठायचं नाही, म्हणायचे." ती अजून पडद्याकडेच बघत होती. "आणि ते संपवायचे."