टाकीपुढची झोळी

द्रौपदाबाई दर मंगळवारी नातवाला घेऊन जीपपाशी का बसते, हे पितांबरला कळायला पुरा उन्हाळा जावा लागला. कळलं तेव्हा तो जागीच खिळला. पुढे त्याचे स्वतःचे केस पिकले, तरी त्या दुपारचा विषय निघाला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

पितांबर चोपडा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर होता. बौद्धवाड्यातल्या त्याच्या घरात पगाराची नोकरी लागलेला पहिला माणूस तोच. बाप जन्मभर दुसऱ्याच्या केळीत राबलेला. त्यामुळे जीपवर धूळ बसली तरी पितांबरला ती स्वतःच्या अंगावर बसल्यासारखी वाटे. बायको म्हणायची, एवढं फडकं कधी घरातल्या भांड्यांवरून फिरवा.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा. मंगळवारी डॉक्टरीणबाईंना घेऊन तो सातपुड्याच्या पायथ्याशी उमरपाटला जायचा. शाळेला सुट्टी, म्हणून शाळेच्या ओट्यावर दवाखाना भरायचा आणि जीप मागच्या निंबाखाली उभी राहायची. ड्रायव्हरने गाडी सोडू नये, हे बोलायला सोपं आहे. पण लशींची पेटी उचलणं, पोरं काट्यावर तोलणं, नावं पुकारणं ही सगळी कामं पितांबरच्याच गळ्यात. तेवढ्या वेळात कुणीतरी टाकीत रबरी नळी घालून पेट्रोल ओढून न्यायचं.

आधी त्याला वाटलं, जीपच जास्त पेट्रोल खायला लागली. मग एका मंगळवारी अडलेली बाई मागे कण्हत असताना जीपने भर रस्त्यात आचके दिले आणि ती बंद पडली. मागून केळीचा ट्रक आला म्हणून ती बाई जळगावला पोचली, म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं.

"पितांबर, तुझ्यावर आळ घ्यायची माझी इच्छा नाही. पण पुन्हा टाकी रिकामी निघाली तर मला वर कळवावं लागेल."

वर कळवलं की काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. ड्रायव्हर पेट्रोल विकतो यावर जगाचा एवढा विश्वास, की पुरावा मागायची तसदी कोण घेणार? नोकरी जाणार, आणि चोर म्हणून जाणार.

कुलपाचं झाकण मिळावं म्हणून त्याने मागणी केली. ती कुठल्या टेबलावर झोपा काढत होती कोण जाणे. मग झाकणाला तार गुंडाळली. चोराने पक्कडीने तार सोडवली, पेट्रोल नेलं, आणि जाताना तारेला पुन्हा नीट पीळ घालून ठेवला. एवढा व्यवस्थित चोर बघून पितांबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतीपुरतं पेट्रोल उरलं हे त्याचं नशीब.

मग त्याने डोकं लढवलं. केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा फाटेल, पण डाग जाणार नाही. त्याने ताज्या कापलेल्या घडाच्या दांड्याचा चीक झाकणाला फासला आणि पुढच्या मंगळवारी ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या बाह्या न्याहाळायला लागला. सरपंचाच्या धोतरावर डाग. पोलीस पाटलाच्या सदऱ्यावर डाग. पुना शिंप्याच्या पायजम्यावर डाग, आणि खुद्द पितांबरच्या खाकी बाहीवर सगळ्यांत मोठा. ऐन कापणीत, केळीच्या गावात, डागावरून चोर शोधायला निघालेला शहाणा तो एकटाच.

ओट्याच्या कडेला बसलेली द्रौपदाबाई हे सगळं बघत होती. वाळकी, उंच, कपाळ मोकळं. नवरा जाऊन वर्षं झाली होती. एकुलता मुलगा तोताराम केळीची शेती बघायचा. त्याची आधीची दोन पोरं जगली नव्हती. तिसऱ्या वेळी सून अडली तेव्हा याच जीपमधून तिला नेली आणि पोर वाटेतच, पितांबरच्या पाठीमागे जन्मलं. जगावं म्हणून त्याला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू.

"काय धुंडी ऱ्हायना, भाऊ?" तिने विचारलं.

"चोर, अक्का." आणि त्याने तिला सगळं सांगून टाकलं, नोकरीचं आणि त्या अडलेल्या बाईचंसुद्धा.

म्हातारी जरा पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, "ती बाई गाडीमाच व्हती, आन् गाडी बंद पडनी?"

"हो, अक्का."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तडक घराकडे निघाली.

पुढच्या मंगळवारी पितांबर पेटी ठेवून मागे आला तर जीपच्या हुडाच्या पाइपाला जुन्या लुगड्याचं एक टोक बांधलेलं, दुसरं निंबाच्या फांदीला. मधल्या झोळीत सुपडू झोपलेला. झोळी बरोबर टाकीच्या झाकणापुढे. खाली मातीत द्रौपदाबाई, हातात झोळीची दोरी.

"घरमा लई उकडस, भाऊ. आठे निंबनी सावली शे," ती म्हणाली.

त्या दिवशी टाकीला कुणी हात लावला नाही. पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्याही पुढच्या नाही. वैशाखात खान्देशात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तसल्या झळांत म्हातारी डोक्यावर ओला पदर घेऊन यायची आणि जीप निघेपर्यंत उठायची नाही. पितांबरला वाटलं, आपल्यावर माया आहे तिची. ती होतीच. पण तेवढंच नव्हतं.

मृगाच्या तोंडावरची ती दुपार. लशी संपल्या म्हणून पेटी जीपमध्ये ठेवायला निघालेला तो शाळेच्या कोपऱ्यावर येताच थबकला. जीपपाशी तोताराम उभा होता. हातात रिकामा डबा, डब्याला गुंडाळलेली रबरी नळी. शेतात पाणी उपसायचं इंजिन रॉकेलवर चाले, पण सुरू करायला आधी पेट्रोल लागे. झाकणापर्यंत हात न्यायचा तर स्वतःचं झोपलेलं पोर बाजूला सारायला हवं होतं.

आई त्याच्याकडे बघत नव्हती. दोरी हलवत म्हणाली, "उना का? ले, झोका दे जरासा. मना हात भरी उना."

तोताराम उभाच. झोळीत पोराने कूस बदलली. ह्याच जीपमध्ये याने पहिला श्वास घेतलेला. तोतारामने डबा खाली ठेवला, आईच्या हातून दोरी घेतली आणि मातीत बसून झोका द्यायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

पितांबरच्या ओठांवर हाक आली होती. कोपऱ्यापलीकडे ओट्यावर डॉक्टरीणबाई, निम्मं गाव. एक हाक, आणि त्याच्यावरचा आळ कायमचा धुऊन निघाला असता. तेवढ्यात द्रौपदाबाईने मान वर केली. तिने त्याला बघितलं. हात जोडले नाहीत, डोळ्यांनी विनवलं नाही. सारं त्याच्यावर सोपवून ती शांतपणे बघत राहिली.

पितांबरला आपल्या हातातली पेटी एकदम जड वाटली. लेकाला चोर म्हणायचं नाही, परक्याची भाकरीही जाऊ द्यायची नाही, आणि त्यासाठी नवसाचा नातू आणून टाकीपुढे टांगायचा. कुठून आलं असेल एवढं बळ या काडीसारख्या बाईत? तो पेटी घेऊन उलट पावली ओट्यावर गेला आणि उरलेली नावं पुकारायला लागला.

निघायच्या वेळी तोताराम तिथे नव्हता. म्हातारी लुगड्याची गाठ सोडत होती, रिकामा डबा तिच्या पायाशी होता. पितांबर वाकला आणि त्याने तिच्या पायांना हात लावला.

ती मागे सरली नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "उशीर व्हई ऱ्हायना, भाऊ. जाय आते. पुढला मंगळवारे तोताराम बठी आठे."

आणि पुढच्या मंगळवारी, पोराला मांडीवर घेऊन, तोताराम खरंच तिथे बसला होता.