वेंडेलच्या सैल तारा

वेंडेल नाहुलू हट्टी आहे हे हिलो बंदराच्या धक्क्यावरच्या क्रेनलासुद्धा ठाऊक असेल. जन्मभर त्याने तिथे जहाजांवरून कंटेनर उतरवले आणि दर शुक्रवारी संध्याकाळी खाडीकाठच्या हॉटेलात आपली विजेवरची उकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, वाजवली. बाजूला मी, बास गिटार घेऊन. मध्ये त्याची बायको लोरेटा, गायला. तिचा आवाज असा काही वर चढायचा की लोक जेवायचे थांबत. मी त्यांचा शेजारी आणि लोरेटाचा चुलतभाऊ, त्यामुळे दोघांचीही बोलणी खायचा मान माझाच.

मग लोरेटाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण वरचे सूर गेले ते गेलेच. ती गायची बंद झाली. मी वेंडेलला एकदा सुचवून पाहिलं की गाणी खालच्या पट्टीत घे, ती गाईल. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने माझी वायर गुंडाळायला लागलो. त्याचं म्हणणं, तिचा सूर परत येणार, आणि येईल तेव्हा उकुलेली जागच्या जागी हवी. पट्टी उतरवली तर तिची आशा आपणच सोडल्यासारखं होईल. हे त्याने मला सांगितलं, बायकोला नाही. तो वरच्या पट्टीत एकटाच वाजवत राहिला आणि ती स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली. मला दोघांचाही राग यायचा.

गेल्या वर्षी वेंडेलला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, पण डाव्या हाताच्या बोटांत जोर उरला नाही. तार पुरती दाबली जाईना, आणि अर्धवट दाबलेली तार नुसती खडखडते. त्यात नातीचा, कमालेईचा, पहिला वाढदिवस जवळ आला. आमच्याकडे पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाच्या वरताण. अंगणात खड्डा खणून अख्खं डुक्कर भाजायचं, सगळी वस्ती जेवायला. कमालेई जन्मली तेव्हा वेंडेलने तिच्या नावाचं गाणं रचलं होतं, ते त्या दिवशी वाजायलाच हवं होतं. वेंडेलने जाहीर करून टाकलं की तारा बदलून बघतो, जमलं तर वाजवीन, नाहीतर उकुलेली पुतण्याला देऊन टाकीन. तो बोलला की करतो, म्हणून मला धडकी भरली.

शनिवारी त्यांच्या ओसरीत बसलो. त्यांच्या मुलीने होनोलुलूहून तारांची दोन पाकिटं पाठवली होती. पहिल्यात मासे धरायच्या दोरीसारख्या मऊ, नायलॉनच्या तारा होत्या. बोटांना अगदी लोण्यासारख्या लागल्या. वेंडेलचा चेहरा उजळला. स्पीकर लावला, तर आवाजच नाही. त्याच्या उकुलेलीतल्या चुंबकाला फक्त धातूची तार कळते. मी म्हटलं, तुझ्यासारखीच आहे, एकच भाषा येते. तो हसला नाही.

दुसऱ्या पाकिटात पोलादी तारा, पण बारीक. आवाज छान आला, मात्र त्या बोटांत सुरीसारख्या रुतायला लागल्या. दोनदा दाबल्यावर त्याने उकुलेली मांडीवर उताणी ठेवली.

"पुतण्याला बोलावून घे," तो मला म्हणाला. "घेऊन जाऊ दे त्याला."

लोरेटा इतका वेळ दारात उभी होती. ती आत गेली आणि खणातून एक पाकीट घेऊन आली. नेहमीच्याच जाड पोलादी तारा, ज्या त्याला दाबता येत नव्हत्या त्याच.

"अगं, त्या कशाला?" वेंडेल म्हणाला. "त्या तर अजून कडक."

"तू गप्प बस. तुला खुंटी तरी फिरवता येतेय का?"

येत नव्हती. म्हणून तीच तारा चढवायला लागली आणि तो नुसता कान देऊन बसला. अजून घट्ट, अजून घट्ट, असं त्याचं चाललेलं. तिने तारा सुरात आणल्या आणि मग एकेक करून शांतपणे सगळ्याच सैल सोडल्या. तिचे वडील गिटारच्या तारा अशाच सोडून वाजवायचे, या बेटांवरची ती जुनीच रीत.

"हे काय केलंस?"

"दाबून बघ."

त्याने दाबलं. जाड तार बोटात रुतली नाही, अलगद खाली गेली. सूर स्वच्छ आला, भरदार, पण बराच खालचा. बारीक तार इतकी सोडली असती तर नुसती फडफडली असती. वेंडेलने पुन्हा दाबलं, पुन्हा वाजवलं. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हात चालतोय गं. पण इतक्या खाली हे गाणं म्हणणार कोण?"

"मी म्हणेन," लोरेटा म्हणाली. "किती वर्षं वाट बघतेय, तू पट्टी कधी उतरवशील म्हणून."

"मी तुझ्या आवाजासाठी थांबलो होतो."

"माहीत आहे रे. म्हणून तर तोंड उघडलं नाही, तुझी आशा मोडवेना."

वेंडेलने मान खाली घातली आणि नातीच्या गाण्याचे पहिले सूर छेडले. थोडे अडखळले, पण खडखडले नाहीत. लोरेटाने घसा साफ केला आणि गायला लागली. आवाज जाडसर, थोडा खरखरीत, मी कधीच न ऐकलेला, आणि खरं सांगतो, मला तो जुन्यापेक्षा आवडला. दुसऱ्या ओळीला तिने हाताने मला खूण केली की नुसता काय बसलायस. मी बास आणायला घरी पळालो.